स्थळ

कॉलेजच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात,
कागदावर टाचलेलं एक झाड आहे.
पाकळ्यांची झालर कसरीनं खाल्ली,
कंद चपटा, वालाच्या टरफलासारखा.
चिठ्ठीवर जुनं वळणदार अक्षर:
वाघचौरा. भाद्रपद.
स्थळ – आणि तिथे नेमका पाण्याचा डाग.

त्या डागापायी चार भाद्रपद
मी फैजपूरहून स्कूटी काढली,
केळीच्या बागा संपेपर्यंत,
पालच्या घाटात ती धापा टाकेपर्यंत.
सागाखाली वाकून वाकून मिळालं काय,
तर मुसळी, कळलावी,
आणि एकदा माझाच चष्मा, आदल्या सालचा.

जैतुनबी तडवी शेळ्या हाकत आली.
"काय धुंडू राह्यली व बाई, रोज रोज?"
म्हटलं, एकाचं स्थळ शोधतेय.
ती खाली बसली, पदर सारखा केला, गंभीर झाली.
"पोराचं का पोरीचं?"

हसून झाल्यावर हातांनी दाखवलं:
एवढं, गुडघ्याइतकं. पांढरं.
कडेच्या पाकळ्या कातरलेल्या पिसासारख्या,
मागे बोटाहून लांब नळी लोंबते,
तिच्या तळाशी मध,
तेवढीच लांब जीभ असलेल्या पतंगासाठी राखून ठेवलेला.
"राती वास येतो, तेच का?" ती म्हणाली.

ती ज्वारी राखते. रानडुकरं उतरतात
तेव्हा माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवते,
आणि मध्यरात्रीच्या सुमारास वरून वास येतो,
कोणीतरी आत्ताच न्हाऊन आल्यासारखा.
नाव ठाऊक नव्हतं तिला. मोजदाद ठाऊक होती.
परार पंधरा. गेल्या साली अकरा.
चौघांच्या जागी खड्डे,
आणि सायबूच्या मोबाइलमध्ये रिचार्ज.

सायबू तिचा धाकटा.
पांढऱ्या जीपमधला माणूस कंदाला किलोचा भाव सांगून गेला होता.
चार कंद किलोत बसले नाहीत, मुठीत बसले.
जैतुनबी त्याला काही बोलली नाही.
बोरीच्या काट्या तेवढ्या तोडायला लावल्या,
आणि अकरांभोवती कुंपण घालताना
त्याचे हात सोलवटले ते बघत राहिली.

मला जागा दाखवली, पण सरळ नाही.
एकच ओढा तीनदा ओलांडला,
वाट माझ्या ध्यानात राहू नये म्हणून.
मीही विसरण्याचा सराव करत चालले.

वर्गात शिकवते: याचं बी म्हणजे धूळ.
एका बोंडात लाखभर, एकाकडेही शिदोरी नाही.
मातीतल्या बुरशीशी सोयरीक जुळली तरच रुजतं.
इथे मला हसू येतं आणि मी थांबते.
मुलांना वाटतं, मॅडम पुढचं विसरल्या.

मग तक्ता भरायची वेळ आली.
स्थळ. अक्षांश. रेखांश.
मी लिहिलं, सातपुडा.
तक्ता परत आला: अचूक लिहावे.
कपाट उघडून मी तो डाग पुन्हा पाहिला,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शंका आली
की पेला कोणीतरी मुद्दाम कलंडवला असावा.
मी पुन्हा लिहिलं, सातपुडा.
खाली रेघ मारली.

आता राखण सायबूकडे. रेंज एकाच खडकावर येते.
फुलं आली की तो तिथे चढतो,
मला मिस्ड कॉल देतो, झाडामागे एक.
उचलायचा नाही असं ठरलंय.

काल रात्री फोन वाजायला लागला.
उत्तरपत्रिका बाजूला सारून मी बोटं मोजत बसले.
नऊ. दहा.
मग बराच वेळ काही नाही,
बाहेर केळीचा ट्रक मागे घेताहेत, त्याचा टूं-टूं आवाज तेवढा.
अकरावा आला तेव्हा पावणेबारा झाले होते.
दिवा घालवून आडवी होते, तोच
बारावा.

ते झाड होतं की त्याचा अंगठा चुकला,
विचारायची सोय नाही.
उचलायचा नाही असं ठरलंय.